दूरसंचार नियामक प्राधिकरण : सदस्यनिवड

दूरध्वनी, भ्रमणध्वनी, इंटरनेट व प्रक्षेपण या सेवांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय मंडळावर अध्यक्ष आणि सदस्य नेमण्याची कायदेशीर पद्धत. भारतात हे नियमन भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ‘ट्राय’, करते आणि त्याच्या सदस्यांची नेमणूक केंद्र सरकारकडून होते. सदस्याची पात्रता, मुदत, पदच्युती आणि निवृत्तीनंतरची बंधने कायद्याने सविस्तर सांगितली आहेत. पात्र ठरणाऱ्या अनेकांतून एकाला कोणी व कशाच्या आधारे निवडावे, याबाबत मात्र मूळ कायदा काहीच सांगत नाही. या विषयातील बहुतेक वाद या एका उणिवेतून निर्माण झाले आहेत.

अशा मंडळाची कल्पना भारतात कोठून आली, याविषयी दोन मते मांडली जातात. पहिल्या मताप्रमाणे तिचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणहक्कावरून माहिती व नभोवाणी मंत्रालय आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात चाललेल्या या खटल्यात न्या. पी. बी. सावंत यांनी मुख्य निकालपत्र लिहिले आणि न्या. जीवन रेड्डी यांनी सहमतीचे स्वतंत्र निकालपत्र जोडले. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्या वापरावर समाजातील सर्व घटकांचे व हितसंबंधांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वायत्त मंडळाचे नियंत्रण असावे, असे या निकालाने सांगितले. पुण्यातील वाचकांना हा निकाल जवळचा वाटण्याचे आणखी एक कारण आहे. न्या. सावंत निवृत्तीनंतर पुण्यात राहत आणि १५ फेब्रुवारी २०२१ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. नियामकाच्या स्वायत्ततेबरोबरच त्याच्यावर कोण बसावे हा प्रश्नही या निकालाने उपस्थित केला, हे त्याचे वेगळेपण होय आणि त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

दुसऱ्या मताप्रमाणे मूळ १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात शोधावे लागते. या धोरणाने खासगी कंपन्यांना दूरध्वनीसेवेची दारे उघडली. दूरसंचार विभाग तेव्हा धोरण ठरवी, परवाने देई आणि स्वतः सेवाही पुरवी; त्यामुळे नव्याने येणाऱ्या कंपन्यांना त्याच्याहून वेगळा, तटस्थ पंच हवा होता. प्रस्तुत नोंदीत हे दुसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे, कारण १९९७ च्या कायद्यात समाजघटकांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद कोठेही नाही आणि प्रक्षेपणसेवा ट्रायच्या कक्षेत आली ती ९ जानेवारी २००४ च्या अधिसूचनेने. न्यायालयाला अभिप्रेत असलेल्या मंडळाच्या अधिक जवळ जाणारे, प्रक्षेपणासाठी वेगळे प्राधिकरण सुचवणारे १९९७ चे विधेयक लोकसभा विसर्जित झाल्यामुळे रद्द झाले. तरीही निकालाचा प्रभाव पूर्णपणे नाकारणे योग्य होणार नाही.

ट्रायच्या स्थापनेची तारीखही निरनिराळी दिली जाते. कायदा २८ मार्च १९९७ चा असला तरी तो वटहुकुमाच्या दिवसापासून, म्हणजे २५ जानेवारी १९९७ पासून, अमलात आला असे मानले जाते. प्रत्यक्ष प्राधिकरण २० फेब्रुवारी १९९७ रोजी स्थापन झाले. ही शेवटची तारीख स्वीकारणे सयुक्तिक दिसते.

मूळ कायद्यानुसार अध्यक्ष हा सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश, आजी वा माजी, असणे आवश्यक होते. त्यानुसार न्या. एस. एस. सोधी पहिले अध्यक्ष झाले. गैरवर्तनासारख्या गंभीर कारणावरून सदस्याला काढायचे झाल्यास सर्वोच्च न्यायालयाकडून आधी चौकशी व्हावी, असेही संरक्षण होते. परवान्यांच्या बाबतीत प्राधिकरण सरकारला बांधून ठेवू शकत नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिल्यावर सरकार व प्राधिकरण यांच्यातील ताण वाढत गेला. अखेर २४ जानेवारी २००० च्या वटहुकुमाने सारी रचनाच बदलली. पदावर असलेले अध्यक्ष व सदस्य त्या वटहुकुमाने पायउतार झाले. तंटे सोडवण्याचे काम ‘टीडीसॅट’ या नव्या न्यायाधिकरणाकडे गेले. अध्यक्ष न्यायाधीश असण्याची अट सुटली आणि पदच्युतीपूर्वीच्या न्यायालयीन चौकशीऐवजी केवळ म्हणणे मांडण्याची वाजवी संधी उरली. न्यायदानाचे काम वेगळे काढणे समर्थनीय होते. पण सदस्याला काढण्याचा अधिकार त्याला नेमणाऱ्याच्याच हाती सोपवण्याची गरज त्यातून निर्माण होत नव्हती.

सुधारित रचनेत अध्यक्ष, जास्तीत जास्त दोन पूर्णवेळ आणि जास्तीत जास्त दोन अर्धवेळ सदस्य असतात. दूरसंचार, उद्योग, वित्त, लेखाशास्त्र, कायदा, व्यवस्थापन किंवा ग्राहक व्यवहार यांपैकी एका क्षेत्रातील विशेष ज्ञान व व्यावसायिक अनुभव ही मुख्य पात्रता आहे. सरकारी सेवेतील व्यक्ती असल्यास तिने सचिव, अतिरिक्त सचिव किंवा समकक्ष पदावर काम केलेले असावे लागते. मुदत तीन वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. उमेदवाराच्या कामाला बाधक ठरेल असा आर्थिक वा अन्य हितसंबंध नाही, याची खात्री सरकारने नेमणुकीपूर्वी करून घ्यायची असते. व्यवहारात दूरसंचार विभाग जाहिरात देऊन अर्ज मागवतो आणि अंतिम मान्यता मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीकडून मिळते.

याच्या शेजारी दोन भारतीय कायदे ठेवून पाहावेत. प्रसार भारतीच्या १९९० च्या कायद्यात राज्यसभेचे सभापती, भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नामनिर्देशित केलेली एक व्यक्ती अशी निवडसमिती कायद्यातच नोंदवली आहे. न्या. सावंत पुढे वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष झाले. २००३ च्या वीज कायद्यात राज्य आयोगासाठी उच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील निवडसमिती सांगितली असून तिने प्रत्येक रिक्त जागेसाठी दोन नावे सुचवायची असतात. पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने वीज आयोगांच्या कामकाजाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आहे. दूरसंचार नियमनाला नागरी अभ्यासाचे असे पाठबळ त्या मानाने कमी लाभले.

परदेशी पद्धतींपैकी दक्षिण आफ्रिकेची पद्धत सर्वांत तपशीलवार म्हणावी लागेल. तेथील संविधानाच्या कलम १९२ मध्येच प्रक्षेपणासाठी स्वतंत्र प्राधिकरणाची हमी आहे आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या ‘इकासा’च्या नऊ सदस्यांच्या परिषदेची निवड संसदेतून सुरू होते. नावे जनतेकडून मागवली जातात, निवडक उमेदवारांची यादी प्रसिद्ध होते आणि संसदीय समिती त्यांच्या मुलाखती घेते. त्यानंतर राष्ट्रीय सभा रिक्त जागांच्या किमान दीडपट नावे मंत्र्याकडे पाठवते. म्हणजे चार जागा रिकाम्या असतील तर किमान सहा नावे जातात. मंत्र्याला त्या यादीतूनच निवडावे लागते आणि त्याने निवडलेल्या नावांना पुन्हा सभेची मान्यता लागते. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आयोगाचे पाच सदस्य राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने नेमतो आणि एका पक्षाचे तीनहून अधिक सदस्य असू शकत नाहीत. ब्रिटनमध्ये ‘ऑफकॉम’चा अध्यक्ष मंत्री नेमतो.

निवृत्तीनंतरच्या बंधनांना २०१४ मध्ये वेगळे महत्त्व आले. तोवर अध्यक्षाला पद सोडल्यावर केंद्र वा राज्य सरकारात नोकरी घेता येत नव्हती. माजी अध्यक्ष नृपेंद्र मिश्र यांची पंतप्रधानांचे प्रधान सचिव म्हणून नेमणूक करण्यासाठी वटहुकूम काढून ही बंदी शिथिल करण्यात आली. त्यानंतर संसदेने दुरुस्ती मंजूर केली. आता दोन वर्षांपर्यंत केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. पुढची नेमणूक ज्याच्या हाती आहे त्याच्याच धोरणावर मत द्यावे लागते, हे लक्षात घेता जुनी बंदी अधिक सुरक्षित होती.

२००० नंतरच्या अध्यक्षांत एम. एस. वर्मा हे बँकिंग क्षेत्रातून, तर अनिलकुमार लाहोटी हे रेल्वेतून आले. इतर बहुतेक भारतीय प्रशासन सेवेतील होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने खासगी क्षेत्रातील व्यक्तींसाठी वाट स्पष्ट केली असून अध्यक्षपदासाठी किमान ३० वर्षांचा व सदस्यपदासाठी किमान २५ वर्षांचा व्यावसायिक अनुभव सांगितला आहे. निवडसमितीचा प्रश्न या दुरुस्तीनेही हाताळलेला नाही. ‘ग्राहक व्यवहार’ हे क्षेत्र पात्रतेच्या यादीत असले तरी त्यासाठी एकही जागा राखीव नाही. पुण्यात १९७४ मध्ये सुरू झालेल्या ग्राहक पंचायतीसारख्या चळवळींच्या दृष्टीने ही त्रुटी गंभीर ठरते.

रिक्त पद किती दिवसांत भरावे, याची मुदत कायद्यात नाही. पी. डी. वाघेला यांची मुदत सप्टेंबर २०२३ अखेर संपली आणि नवे अध्यक्ष जानेवारी २०२४ च्या अखेरीस नेमले गेले. मधल्या काळातील कामकाज केवळ पद रिक्त असल्याच्या कारणावरून अवैध ठरत नाही.