तिवरांखालचा गाळ आणि पाण्याची परीक्षा : पार्श्वभूमी

ठाणे खाडीत दिवसातून दोनदा भरती येते. त्यामुळे खाडीकाठच्या ऐरोलीला सकाळी भरलेली पाण्याची बाटली आणि दुपारची बाटली तपासणीत सारखी निघत नाही. गाळात राहणारे किडे, शिंपले, खेकडे मात्र बहुतेक जागच्या जागी असतात. आलं ते पाणी सोसून कोण टिकलं, यावरून पाण्याची प्रत ओळखायची ही पद्धत नद्यांतल्या सांडपाण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत मांडली गेली.

समुद्राच्या गाळाचं सूत्र १९७८ मध्ये आलं. सेंद्रिय घाण वाढत गेली की खोल बिळं करणारे मोठे जीव आधी नाहीसे होतात, मग बारीक किड्यांचा सुळसुळाट होतो आणि घाणीच्या तोंडाशी काहीच उरत नाही. कॅपिटेला हा दोऱ्याएवढा लाल किडा त्याआधीपासूनच प्रदूषणाची खूण मानला जात होता. खरं तर ही एक जात नसून हुबेहूब दिसणाऱ्या अनेक जाती आहेत, हे १९७६ लाच दाखवलं गेलं होतं.

खरा वाद पुढचा आहे. तिवरांखालचा, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांखालचा गाळ मुळातच कुजलेल्या पानांनी भरलेला असतो. दोन बोटं खाली तो काळा असतो, सडक्या अंड्यासारखा वास मारतो आणि त्यात प्राणवायू जवळपास नसतो. पावसाळ्यात ठाण्याच्या टोकाला गोडं पाणी उतरलं की खारेपणा झपाट्याने घटतो. इथे टिकणारे जीव आधीच काटक, म्हणजे स्वच्छ कांदळवनसुद्धा (तिवरांचं जंगल) कोणता जीव किती घाण सोसतो याच्या युरोपच्या यादीवर ‘बिघडलेलं’ ठरू शकतं. खाड्यांच्या बाबतीतला हा पेच २००७ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडला गेला. तरीही अशा यादीवरून गाळाची प्रत आकड्यात सांगणारे, २००० पासून युरोपच्या किनाऱ्यासाठी बेतलेले निर्देशांक आपल्याकडे जसेच्या तसे लावले जातात, ते मला चुकीचं वाटतं. जीव वेगळे करायला गाळ ज्या चाळणीने चाळतात, तिनेही निकाल फिरतो: १ मिमीच्या जाळीतून बारीक कॅपिटेला निसटतो, अर्ध्या मिमीच्या जाळीत अडकतो. कोणती जाळी वापरली हे न सांगता दिलेल्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

१९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, मग नवी मुंबई वसली आणि सांडपाणी वाढलं. २००५ मध्ये न्यायालयाने कांदळतोडीला मनाई केली, २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसरचा दर्जा मिळाला. या सगळ्यात झाडं आणि पक्षी मोजले गेले, गाळातल्या जिवांकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. दरम्यान खाडीत गाळ साचून उघड्या चिखलावर तिवरं पुढे सरकली आहेत. चिखलावर झाडी आली की आतले जीव प्रदूषणाशिवायही बदलतात. म्हणून जुन्या नोंदींशी तुलना करण्याआधी ती जागा तेव्हा उघडा चिखल होती की तिवरांखाली होती, हे पाहायलाच हवं.