चिनी यादवी युद्ध : पर्यायी निकालाचा प्रश्न

चीनमधील राष्ट्रवादी क्वोमिंतांग आणि कम्युनिस्ट पक्ष यांच्यातील यादवी युद्धाचा (१९२७–४९) शेवट वेगळा होऊ शकला असता का, यासंबंधी इतिहासाभ्यासात चालत आलेली चर्चा. माओ त्से-तुंग यांनी १ ऑक्टोबर १९४९ रोजी पेकिंगमध्ये लोकसत्ताक चीनची घोषणा केली आणि डिसेंबरात चँग कै-शेक यांचे सरकार तैवानला गेले, हा प्रत्यक्ष निकाल. ‘जर-तर’च्या वाटेला अभ्यासक सहसा जात नाहीत आणि ते बरोबरच आहे, कल्पनेला लगाम नसला की वाटेल ते सिद्ध करता येते. या युद्धातले काही जर-तर मात्र नंतरच्यांनी रचलेले नाहीत. निर्णय घेणाऱ्यांपुढे ते त्याच वेळी उभे होते, आणि विचार करण्याजोगे आहेत ते तेवढेच.

प्रश्न पडतो तो मुळात आकड्यांमुळे. १९४६ च्या मध्यावर राष्ट्रवादी सैन्य सुमारे ४३ लाख आणि कम्युनिस्ट सैन्य १२–१३ लाख होते. मोठी शहरे, लोहमार्ग, विमानदल, अमेरिकेची मदत हे सारे चँग यांच्याकडे होते. जपानविरुद्धच्या लढाईत दोन्ही पक्ष नावापुरते का होईना एकत्र होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या आठव्या रूट आर्मीत काम करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले, ती कम्युनिस्टांची असली तरी कागदोपत्री चँग यांच्याच राष्ट्रीय सेनेचा भाग होती. जपान शरण आल्यावर ही एकी वर्षभरही टिकली नाही.

सर्वांत जास्त वाद झाला आहे तो मांचुरियातल्या, म्हणजे ईशान्य चीनमधल्या, सिपिंग या रेल्वे जंक्शनवरून. एप्रिल-मे १९४६ मध्ये महिनाभर चाललेल्या लढाईनंतर लिन ब्याओ यांच्या कम्युनिस्ट फौजांना ते सोडावे लागले. पाठोपाठ चांगचुन पडले. पराभूत सैन्य सोंगहुआ नदीपलीकडे हटत होते आणि हार्बिन राष्ट्रवाद्यांच्या टप्प्यात आले होते. लिन ब्याओंच्या मुख्यालयातला एक अधिकारी फितूर झाल्यामुळे समोरचे सैन्य किती खिळखिळे झाले आहे, हेही राष्ट्रवाद्यांना कळले होते. अशा वेळी, अमेरिकेचे दूत जॉर्ज मार्शल यांच्या आग्रहावरून चँग यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात युद्धबंदी मान्य केली. आधी पंधरा दिवसांची ही युद्धबंदी पुढे महिनाअखेरपर्यंत वाढली. लिन ब्याओंना सावरायला सवड मिळाली, ती इथे. आपल्या पराभवाचे मूळ या युद्धबंदीत आहे, असे चँग यांनी पुढे स्वतःच लिहिले.

या ‘जर’मध्ये दम आहे, पण तो सांगितला जातो तेवढा नाही. हार्बिन घेतले असते तर आधीच ताणलेली रसद आणखी शेकडो किलोमीटर लांबली असती, आणि ती एका लोहमार्गावर लोंबकळत राहिली असती. उत्तर सीमेपलीकडे सोव्हिएत युनियन होते. पराभूत फौजेला तिथे आसरा होता आणि जपान्यांकडून मिळालेली शस्त्रेही होती. शिवाय शांतुंग आणि उत्तर चीनमधल्या खेड्यांतली कम्युनिस्टांची ठाणी हार्बिन पडल्याने उठली नसती. चीनमधील अमेरिकी सेनापती वेडमायर यांनी नोव्हेंबर १९४५ मध्येच सुचवले होते की आधी चीनच्या भिंतीच्या दक्षिणेकडचा मुलूख घट्ट करा, मांचुरियाला हात घालू नका. चँग यांनी ते ऐकले नाही आणि आपल्या उत्तम पलटणी ईशान्येला धाडल्या. त्याच तिथे १९४८ च्या शरदात वेढ्यात सापडून संपल्या. सिपिंगनंतर थांबण्यापेक्षा सिपिंगपर्यंत जाणेच महागात पडले, असे मानायला जास्त आधार आहे.

रणांगणाबाहेर सरकार आधीच ढासळत होते. १९ ऑगस्ट १९४८ रोजी ‘सुवर्ण युआन’ हे नवे चलन आले. जुन्या ३० लाखांना एक नवा युआन असा दर होता, आणि घरातले सोने, चांदी, परकीय चलन सरकारजमा करण्याची सक्ती होती. मध्यमवर्गाने विश्वासाने आयुष्याची पुंजी नेऊन दिली. शांघायमध्ये चँग यांचे पुत्र च्यांग चिंग-कुओ भाव बांधून देत होते, साठेबाजांना पकडत होते. पण धागा चँग यांच्या साडूंच्या कुंग घराण्यापर्यंत पोहोचला आणि मोहीम थंडावली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भावबंदी उठली, दुकाने तोवर रिकामी झाली होती. डिसेंबरात बँकेने कागदी चलनाच्या बदल्यात थोडे सोने द्यायला सुरुवात करताच रांगा लागल्या, चेंगराचेंगरीत माणसे मेली. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी ही रांग टिपली आहे. पुढच्याच्या पाठीला मागच्याची छाती भिडलेली, हातांनी एकमेकांना आवळून धरलेले, रांग तुटू नये म्हणून. ज्यांच्या जोरावर राज्य उभे राहायचे तोच वर्ग त्या रांगेत होता. त्यातच संरक्षण मंत्रालयात लढाईचे बेत आखणारे कुओ रु-कुई हे जनरल स्वतःच कम्युनिस्टांचे हेर होते. सिपिंगचा ‘जर’ मांडताना हे सारे बाजूला ठेवता येत नाही.

दुसरा पर्याय फाळणीचा. २१ जानेवारी १९४९ रोजी चँग पायउतार झाले आणि हंगामी राष्ट्राध्यक्ष ली त्सुंग-रेन यांनी वाटाघाटी सुरू केल्या. यांगत्सेच्या उत्तरेला कम्युनिस्ट, दक्षिणेला राष्ट्रवादी, अशी त्यांची आशा होती. नदीची रुंदी आणि हाती असलेले आरमार पाहता ती अगदीच वेडगळ नव्हती. पण चँग यांनी राजीनामा देऊनही सूत्रे सोडली नव्हती. सोने तैवानला रवाना होत होते आणि सैन्याधिकारी त्यांचेच हुकूम मानत होते. २० एप्रिलच्या रात्री कम्युनिस्ट फौजा लाकडी होड्यांतून नदी उतरू लागल्या, नदीकाठच्या ज्यांगयिनचा तोफखाना फितूर झाला आणि २३ तारखेला राजधानी नानजिंग पडली. सरकारबरोबर दक्षिणेला क्वांगचौपर्यंत गेला तो सोव्हिएत राजदूत. अमेरिकेचे लेटन स्टुअर्ट आणि भारताचे के. एम. पणिक्कर नानजिंगमध्येच थांबले. यांगत्सेवर फाळणी होईल असे मॉस्कोलाही तेव्हा अशक्य वाटत नसावे.

उलट बाजूचा, म्हणजे तैवानसकट कम्युनिस्टांच्या पूर्ण विजयाचा पर्याय कमी चर्चिला जातो. वास्तविक तो सर्वांत जवळ आला होता. २४–२५ ऑक्टोबर १९४९ च्या रात्री मुख्य भूमीवरच्या श्यामेनसमोर राष्ट्रवाद्यांच्या ताब्यातल्या किनमेन बेटावर कुनिंगतौजवळ कम्युनिस्ट सैन्य उतरले. पहिली खेप उतरवून होड्यांनी परत यायचे आणि दुसरी न्यायची, असा बेत. होड्या भरतीच्या पाण्यावर आल्या, माणसे उतरेपर्यंत ओहोटी लागली आणि त्या वाळूत रुतून बसल्या. किनाऱ्यावर राष्ट्रवाद्यांचा एक रणगाडा आदल्या दिवशी बिघडून पडला होता, त्यानेही तोफ डागायला सुरुवात केली. उजाडल्यावर राष्ट्रवाद्यांनी होड्या जाळल्या. पलीकडच्या तीरावरचे सैन्य ते पाहत राहिले. जायला होड्याच नव्हत्या. मागाहून पाठवलेली थोडी कुमक धरून सुमारे ९,००० जण उतरले होते. तीन दिवसांत ते सगळे मारले तरी गेले किंवा पकडले तरी गेले.

तरीही तैवान सुटले असे तेव्हा कोणी धरून चालले नव्हते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ५ जानेवारी १९५० रोजी अमेरिका या भांडणात सैन्य घालणार नाही असे जाहीर केले होते. एप्रिलअखेर हायनान बेटही राष्ट्रवाद्यांच्या हातून गेले. तैवानवरच्या चढाईसाठी कम्युनिस्ट सैनिकांना पोहायला शिकवले जात होते, ते यांगत्सेच्या मुखाजवळच्या कालव्यांत आणि तळ्यांत. त्या पाण्यातल्या गोगलगायींमधून शिस्टोसोमा हा रक्तातला कृमी कातडीवाटे शरीरात शिरतो. हजारो सैनिक ताप आणि जुलाबांनी अंथरुणाला खिळले. महिने गेले. २५ जूनला कोरियात युद्ध पेटले आणि २७ जूनला ट्रुमन यांनी अमेरिकेचे सातवे आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत पाठवले. चढाई राहिली ती राहिलीच.

राष्ट्रवादी जिंकले असते तर चीन आजच्या तैवानसारखा झाला असता, हे विधान वरचेवर ऐकू येते. ते घाईचे आहे. कुळाने जमीनदाराला द्यायचा खंड पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणण्याचा कायदा क्वोमिंतांगने १९३० मध्येच केला होता, पण मुख्य भूमीवर तो जमीनदारांच्या भीतीने कागदावरच राहिला. तैवानात १९४९ नंतर तो लागू झाला, कारण तिथल्या जमीनदारांशी पक्षाचे काही नाते नव्हते. त्याच तैवानात फेब्रुवारी १९४७ चे बंड चिरडताना हजारो माणसे मारली गेली आणि १९४९ पासून १९८७ पर्यंत लष्करी कायदा होता. दुसरीकडे, १९५० च्या दशकाअखेरचा महादुष्काळ माओंच्या धोरणांशी इतका जोडलेला आहे की क्वोमिंतांगच्या राज्यात तो तसाच पडला असता असे म्हणता येत नाही. माझ्या मते या चर्चेतला सर्वांत वजनदार मुद्दा हाच.

सीमेच्या बाबतीत भारताने मात्र फार आशा धरण्याचे कारण नव्हते. मॅकमहोन रेषा राष्ट्रवादी सरकारलाही मान्य नव्हती, तिबेट ते चीनचाच भाग मानत होते आणि दक्षिण चिनी समुद्रावर हक्क सांगणारा अकरा तुटक रेषांचा नकाशा त्यांचाच. मार्च १९४७ मध्ये दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरली, तेव्हा तिथल्या मोठ्या नकाशात तिबेट वेगळा देश म्हणून दाखवला होता. चँग यांच्या सरकारच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली आणि यजमानांना तो नकाशा बदलावा लागला.