टोपलीतला बांगडा आणि लेवीयचा अकरावा अध्याय

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन पाट्या शेजारी शेजारी होत्या, एकीत बांगडे आणि दुसरीत तिसऱ्या, म्हणजे शिंपले. साडेअकरा वाजून गेले होते, ऊन थेट बांगड्यांवर पडत होतं आणि बर्फ विरघळून खालच्या गोणपाटावर लालसर पाणी साचलं होतं. "व्हर गे बाय, ताजें आसा," पाटीवाली म्हणाली. माझ्यासोबत शाळेतली एक सहकारी होती. तिच्या पंथात बायबलमधले खाण्याचे जुने नियम अजून पाळतात. तिसऱ्यांकडे तिने पाहिलंही नाही, बांगडे घ्यायला मात्र वाकली. मला त्या दोन पाट्यांपैकी भीती वाटत होती ती बांगड्यांची.

हे नियम बायबलमधल्या 'लेवीय' या पुस्तकाच्या 11व्या आणि 'अनुवाद' या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात आहेत. ज्याचा खूर दुभंगलेला आहे आणि जो रवंथही करतो, तो प्राणी शुद्ध. गाय, बकरी, मेंढी चालतात. डुकराचा खूर दुभंगलेला असतो, पण ते रवंथ करत नाही, म्हणून अशुद्ध. पाण्यातलं खायचं तर त्याला पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणजे आपल्याकडची सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे), कालवं, तिसऱ्या आणि आंबोटतिखातली मोरी (शार्क), सगळं बाद.

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, "देवाने डुक्कर वर्ज्य केलं, म्हणजे त्यात काहीतरी विषारी असणारच ना?" प्रश्न जुना आहे. बाराव्या शतकातला यहुदी वैद्य मायमोनिडीज यानेही या नियमांत आरोग्याचं कारण पाहिलं होतं. 1953 साली डेव्हिड माख्ट या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने निरनिराळ्या प्राण्यांच्या स्नायूंचा अर्क ल्युपिनच्या रोपांना देऊन मुळं किती वाढतात ते मोजलं आणि अशुद्ध प्राण्यांचं मांस जास्त विषारी ठरवलं. हा प्रयोग आजही पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण रोपट्याचं मूळ आणि माणसाचं पोट यांत फार अंतर आहे. शिजवलेलं मांस आपण पचवतो, मुळाला तशी सोय नाही.

खुद्द लेवीयच्या या अध्यायात आजाराचा उल्लेखच नाही. तिथलं कारण एकच, 'तुम्ही पवित्र व्हा.' डुकराच्या मांसातला ट्रिकिनेला हा सूक्ष्म कृमी माणसाच्या स्नायूंत पहिल्यांदा दिसला 1835 मध्ये, लंडनच्या जेम्स पॅजेट या वैद्यकीय विद्यार्थ्याला. हे मांस खाऊनच तो जीवघेणा आजार होतो, हे जर्मनीत झेंकर या वैद्याने दाखवेपर्यंत 1860 उजाडलं. अंगदुखी आणि सूज बऱ्याचदा खाल्ल्यानंतर दोन आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा येते. पंधरवड्यापूर्वीच्या जेवणाशी तिचा संबंध त्या काळी कोणी लावायचा?

नियमाचं खरं वजन आपण कोणाचे हे सांगण्यात होतं, आणि गोव्याला याची फार मोठी किंमत ठाऊक आहे. 1560 ते 1812 या काळातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, नजरेत डुक्कर टाळणं ही छुप्या यहुदीपणाची खूण असे. पणजीतल्या बागेला ज्याचं नाव आहे त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून 1569 मध्ये गोव्यात जिवंत जाळलं. त्याची स्वतःची हाडं 1580 मध्ये उकरून जाळली.

मग डुक्कर निर्धोक का? नाही. पट्टकृमीची (टेपवर्मची) गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. माणसाच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात, ती विष्ठा डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात अर्ध्या ते एक सेंटीमीटरचे पांढुरके फोड होतात, आणि ते मांस कच्चं राहिलं तर कृमी आपल्या आतड्यात वाढतो. आपल्या गावांत घरामागच्या संडासाखाली डुकरं असायची, म्हणजे हे चक्र पुरं व्हायला सगळं तयारच होतं. पण मेंदूत गाठी होऊन फिट येतात त्या मांसामुळे नव्हे. त्या होतात अंडी पोटात गेल्याने, म्हणजे बाधित माणसाच्या न धुतलेल्या हातांतून किंवा घाण पाण्यावरच्या भाजीतून. 1992 साली न्यूयॉर्कमधल्या सनातनी यहुदी वस्तीत हाच आजार चार जणांमध्ये आढळल्याची नोंद झाली. डुकराला कधी न शिवणारी ही माणसं. संसर्ग त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाधित व्यक्तींकडून आला असावा, असा निष्कर्ष निघाला. उलट, शुद्ध समजल्या जाणाऱ्या गाईच्या मांसातूनही वेगळा पट्टकृमी येतो.

चोरीसबद्दल, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजबद्दल, एकच सांगते. मीठ, व्हिनेगर आणि धूर यांनी ट्रिकिनेला मरेलच याची खात्री नाही. खिम्याचं मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सियसला पोचायला हवं. कांदा-पाणी घालून चोरीस नीट उकळला की ते साधतं.

शिंपल्यांच्या बाबतीत जुना नियम थोडा खरा ठरतो. मोठं कालव अनुकूल पाण्यात दिवसाला 190 लिटरपर्यंत पाणी गाळतं. नदीत सांडपाणी असेल तर त्यातले जंतू आणि काविळीचे विषाणू त्याच्यात साचतात. शिंपलं उघडल्यावरही तीन ते पाच मिनिटं उकळावं. काही शेवाळांचं विष मात्र उकळूनही जात नाही, म्हणून पाण्याचा रंग बदललेला असेल तर तिसऱ्या काढूच नयेत.

आता बांगडा. पर आहेत, खवले आहेत, नियमाने शुद्ध. त्याच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून, पुन्हा बर्फात घालूनही जात नाही. वासही नेहमीसारखाच येऊ शकतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते, आणि आपण म्हणतो, माशाची ॲलर्जी झाली.

तिसऱ्या ती अजूनही खात नाही. तो तिच्या श्रद्धेचा भाग आहे आणि त्यात मला काही बोलायचं नाही. पण पुढच्या शुक्रवारी ती सकाळी सातलाच बाजारात गेली. सोबत झाकणाचा स्टीलचा डबा नेला, पाटीतले वरचे बांगडे बाजूला केले आणि म्हणाली, "बर्फांतले दी, आनी डब्यांत बर्फय घाल."