पार्श्वभूमी : विज्ञानकथा मालिकांची पहिली झलक आणि चाहत्यांचा कौल

नव्या विज्ञानकथा मालिकेची दीड-दोन मिनिटांची झलक आली की काही तासांतच तिची चौकट न् चौकट थांबवून तपासली जाते. यानाचा आकार, गणवेशाचा रंग, परग्रहवासीयांचा चेहरा यांवर वाद झडतात आणि एकही भाग प्रसारित होण्यापूर्वी मालिकेविषयीची मते ठाम झालेली असतात. हा उतावीळपणा समाजमाध्यमांची देणगी आहे असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे, कारण चाहत्यांचा कौल आधी घेण्याची प्रथा निर्मात्यांनीच पाडली आणि तीही समाजमाध्यमांच्या कितीतरी आधी.

सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले होते. ‘स्टार ट्रेक’चे निर्माते जीन रॉडनबेरी तेथे मालिकेचा पायलट, म्हणजे नमुन्यादाखल बनवलेला भाग, घेऊन गेले आणि ८ सप्टेंबरला एनबीसी वाहिनीवर मालिका सुरू होण्याच्या अवघ्या काही दिवस आधी त्यांनी तो जमलेल्या वाचक-लेखकांना दाखवला. दूरचित्रवाणीवरच्या अवकाशकथा म्हणजे पोरखेळ, असे मानणाऱ्या जाणकारांपुढे आपले काम ठेवण्यात धोका होता. पण तेथे त्याचे उत्साहाने स्वागत झाले. विज्ञानकथा-चाहत्यांच्या याच जगातील बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी पुढे १९६७-६८च्या हिवाळ्यात मालिका वाचवण्यासाठी पत्रमोहीम उभारली. एनबीसीकडे लाखाहून अधिक पत्रे आली, असे सांगितले जाते. अखेर १ मार्च १९६८ रोजी, भाग संपताच, मालिका चालू राहणार असल्याची घोषणा वाहिनीला पडद्यावरून करावी लागली. तिसऱ्या हंगामाला शुक्रवारी रात्री दहाची गैरसोयीची वेळ मिळाली आणि १९६९ मध्ये मालिका थांबली. तरीही आपल्या शब्दाला वजन आहे, हा धडा चाहत्यांनी पक्का गिरवला होता.

या वजनाची दुसरी बाजू १९९०च्या दशकात दिसली. ‘बॅबिलॉन ५’चे निर्माते जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की १९९१ पासूनच संगणक-जाळ्यावरून चाहत्यांशी थेट बोलत होते; पायलट भाग मात्र फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसारित झाला. म्हणजे चित्रे दिसण्याआधीच मालिकेची झलक शब्दांतून मिळत होती आणि त्यावरच्या प्रतिक्रिया लेखकाच्या टेबलापर्यंत पोहोचत होत्या. या जवळिकीची किंमतही होती. एका चाहत्याने सहज सुचवलेली कल्पना स्ट्रॅझिन्स्की यांच्या मनातील कथानकाशी जुळली. स्मृती पुसून टाकलेल्या गुन्हेगाराला आपला पूर्वेतिहास कळला तर काय होईल, अशी ती कल्पना होती. कथाचोरीचा आरोप होऊ नये म्हणून त्यांनी तो भाग बाजूला ठेवला आणि त्या चाहत्याची लेखी हरकत-नाही मिळाल्यावरच १९९५ मध्ये तो पडद्यावर आला.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चे आहे. १९७८च्या मूळ मालिकेत अपोलोची भूमिका करणारे रिचर्ड हॅच यांनी १९९९ मध्ये, स्वतःच्या पुढाकाराने आणि पदरमोड करून, मालिकेच्या पुढच्या प्रवासाची कल्पना मांडणारा एक ट्रेलर तयार केला आणि तो चाहत्यांच्या मेळाव्यांत दाखवला. जी मालिका कधी बनलीच नाही तिची झलक चाहत्यांनी अशी मनात साठवली होती. त्यामुळे २००३ मध्ये नव्याने रचलेली कथा येते आहे आणि मूळ मालिकेत पुरुष असलेले स्टारबक हे पात्र तिच्यात स्त्री आहे, हे कळल्यावर उसळलेला संताप केवळ बदलाविरुद्धचा नव्हता. हक्काची वाटणारी गोष्ट हातातून गेल्याचे दुःखही त्यात होते. मूळ मालिकेत स्टारबक साकारणारे डर्क बेनेडिक्ट यांनीही लेख लिहून जाहीर नापसंती व्यक्त केली. नव्या मालिकेने पुढे विज्ञानकथेसाठीचा ह्यूगो आणि प्रसारणक्षेत्रातला पीबडी हे दोन्ही पुरस्कार मिळवले, केटी सॅकहॉफ यांची स्टारबक लोकप्रिय झाली आणि स्वतः हॅच यांनी त्याच मालिकेत टॉम झॅरेकची भूमिका केली.

झलक फक्त रूप दाखवू शकते. पात्रांची वाढ, कथेचा तोल, संवादांतील ताण यांतले काहीच दोन मिनिटांत मावत नाही आणि म्हणूनच तक्रारी रूपावर केंद्रित होतात. जुलै २०१६ मध्ये सॅन दिएगो कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’च्या यानाची चाचणी-चित्रफीत दाखवली गेली, तेव्हा त्याच्या त्रिकोणी बांध्यावर टीकेची झोड उठली. तो आकार चित्रकार राल्फ मॅकक्वारी यांनी १९७०च्या दशकात एका न बनलेल्या स्टार ट्रेक चित्रपटासाठी केलेल्या रेखाटनांवरून घेतला होता, ही गोष्ट अनेक टीकाकारांच्या गावीही नव्हती. पुढच्या वर्षीच्या ट्रेलरमध्ये केशहीन, बदललेल्या चेहऱ्याचे क्लिंगॉन (स्टार ट्रेकमधील लढवय्ये परग्रहवासी) दिसले आणि नाराजी आणखी वाढली. ती मला सर्वस्वी अवाजवी वाटत नाही, कारण अनेक दशके ज्या जगाचा तपशील चाहत्यांनी जपला, त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार त्यांनी कमावला आहे. निर्मात्यांनीही ते काही अंशी मान्य केले. २०१९च्या दुसऱ्या हंगामात क्लिंगॉनांचे केस परतले आणि कथेतले युद्ध संपल्यामुळे ते पुन्हा केस वाढवत आहेत, असे कारण देऊन हा बदल कथेत बसवण्यात आला.