स्ट्रँड ओढून कापणाऱ्या यंत्राचं पेटंट: परीक्षणात काय तपासतात, कोण अर्ज करू शकतं, कागद कोणते लागतात

एका बाजूने फीड रोलर धाग्यांची लड, म्हणजे स्ट्रँड, ओढतात, दुसऱ्या बाजूला फिरतं कटर तिचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडतं. काचतंतूचे आखूड तुकडे असोत, प्लॅस्टिकचा दाणा असो की कृत्रिम धाग्याचा आखूड तंतू, यंत्राचा गाभा हाच. रोलर जुने, ब्लेडं जुनी, मोटर आणि नियंत्रक बाजारात मिळणारे. मग अशा यंत्रावर पेटंट मागितलं तर भारतीय पेटंट कार्यालयातला परीक्षक पहिल्यांदा कशावर बोट ठेवेल? माझ्या मते बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर: फीड आणि कटर एकमेकांमुळे काही वेगळं करतात, की नुसते शेजारी शेजारी बसवलेत?

हा प्रश्न कायद्यातच आहे. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(एफ) प्रमाणे, ठाऊक असलेली साधनं आपापलं नेहमीचं काम स्वतंत्रपणे करत असतील, तर त्यांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा संख्या वाढवणं हा शोध ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात हीच रेघ ओढली. तिथेही वाद यंत्राचाच होता, लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचा. न्यायालयाचं म्हणणं असं की, सुधारणा कारखान्यातल्या रोजच्या सुधारणेपेक्षा काहीतरी जास्त असायला हवी, नुसती जुळवाजुळव पुरत नाही. यंत्रांच्या अर्जांवरच्या चर्चेत हा निकाल आजही पुढे येतो.

आधी यंत्राकडे नीट बघा

समजा, रोलर मिनिटाला ६० मीटर स्ट्रँड पुढे ढकलतो. कटर मिनिटाला १,००० फेरे घेतं आणि त्यावर २० ब्लेडं आहेत. म्हणजे मिनिटाला २०,००० काप, आणि प्रत्येक तुकडा ३ मिलिमीटरचा. आता नियंत्रकावर रोलरचा वेग कमीजास्त करून लांबी बदलता येते, हाच माझा शोध, असं कोणी म्हणालं तर परीक्षक मान्य करणार नाही. तो नुसता भागाकार आहे, या धंद्यातल्या कोणत्याही जाणत्या माणसाला तो सुचेल.

पण यंत्र सहा महिने चालल्यावर काय होतं ते बघा. रोलरवरचं रबर झिजतं. १०० मिलिमीटरचा व्यास ९८ वर आला की तेवढ्याच फेऱ्यांत स्ट्रँड दोन टक्के कमी पुढे जाते आणि ३ मिलिमीटरचा तुकडा २.९४ चा निघतो. वर, रोलर आणि स्थिर पातं (ज्याच्या धारेशी कटर स्ट्रँड कापतं ते) यांच्यामधली फट वाढते, त्या फटीत स्ट्रँड वळवळते आणि काप तिरका पडतो. आता कोणी रोलरवर स्प्रिंगने टेकून राहणारी मार्गदर्शक पट्टी बसवली, झिजेबरोबर ती आपोआप पुढे सरकते, फट वाढू देत नाही, आणि तिच्या सरकण्याचं मोजमाप नियंत्रकाला देऊन रोलरचे फेरे तेवढेच वाढवते. इथे एकच भाग दोन दुखणी एकत्र सांभाळतो, आणि फीडची अवस्था थेट कापावर परिणाम करते. ही मांडणी आधी कुठे दिसली नसेल तर बोलायला जागा आहे. उदाहरण मी रचलेलं आहे, पण अर्जात दाखवायची गोष्ट याच प्रकारची असते.

शोधाशोध स्वतः करा, आणि शेजारच्या धंद्यातही करा

अर्ज करण्याआधी जुनी पेटंटं चाळणं सक्तीचं नाही. तरी टाळू नका. पेटंट कार्यालयाचा इनपास, युरोपियन कार्यालयाचा एस्पासनेट आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा पेटंटस्कोप, पेटंटं शोधायची ही तिन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. खरी गंमत वर्गीकरणात, म्हणजे पेटंटं विषयानुसार ज्या सांकेतिक वर्गांत लावतात त्यात आहे. कापण्याच्या यंत्रांचा वर्ग बी२६डी. धाग्यासारखं बारीक साहित्य हाताळण्याचा बी६५एच. पण काचतंतू कापण्याचं यंत्र सी०३बी ३७/१६ मध्ये सापडतं, अखंड तंतूचे तुकडे करण्याचं डी०१जी १/०४ मध्ये, आणि प्लॅस्टिकच्या स्ट्रँडचा दाणा करण्याचं बी२९बी ९/०६ मध्ये. दाण्याच्या यंत्राचा अर्ज करणारा बहुधा फक्त प्लॅस्टिकच शोधतो, परीक्षक मात्र काचतंतूच्या कटरचं जुनं पेटंट पुढे टाकतो. धंदा वेगळा असला तरी अडचण तीच असेल, तर ते पेटंट तुमच्या आड येतं.

शोधताना आणखी एक काळजी. यंत्र विकून किंवा प्रदर्शनात मांडून झाल्यावर अर्ज करू नका. काही प्रदर्शनांसाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण अटी कडक आहेत. आधी अर्ज, मग गिऱ्हाईक, हा क्रम सोपा.

अर्ज कोण करू शकतं, आणि काय जोडायचं

खरा आणि पहिला शोधकर्ता, त्याने हक्क लिहून दिलेली व्यक्ती किंवा संस्था, किंवा मृत शोधकर्त्याचा कायदेशीर प्रतिनिधी, असे तिघे अर्ज करू शकतात. शोध कारखान्यातल्या फिटरने लावला आणि अर्ज मालकाच्या कंपनीच्या नावाने असेल, तर फिटरचं नाव शोधकर्ता म्हणून येणारच, आणि त्याने हक्क दिल्याचा पुरावा अर्जापासून सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. ‘तो आमचा पगारी माणूस आहे’ एवढं पुरत नाही. कागद आधीच करून ठेवा, नोकरी सोडून गेलेल्या माणसाची सही मिळवणं फार जिकिरीचं होतं.

कागदपत्रांत फॉर्म १ म्हणजे मूळ अर्ज, फॉर्म २ म्हणजे तपशीलपत्र (शोधाचं लेखी वर्णन), फॉर्म ३ परदेशातल्या अर्जांच्या माहितीचा, फॉर्म ५ शोधकर्त्यांच्या घोषणेचा. पेटंट एजंट नेमला असेल तर फॉर्म २६. लघुउद्योग किंवा स्टार्टअप म्हणून कमी शुल्क हवं असेल तर फॉर्म २८ आणि सोबत पुरावा, म्हणजे उद्यम नोंदणी किंवा डीपीआयआयटीची (केंद्र सरकारच्या उद्योग खात्याची) मान्यता. तपशीलपत्रासोबत १५० शब्दांच्या आतला गोषवारा आणि आकृत्या. आकृत्यांवर भागांना क्रमांक द्यायचे आणि वर्णनात तेच क्रमांक वापरायचे. आकृतीवर खुलासेवजा मजकूर लिहून ठेवू नका, त्यावर आक्षेप येतो.

सगळं इंग्रजी किंवा हिंदीतच द्यावं लागतं, मराठी तपशीलपत्र चालत नाही. मी तरी सांगतो, आधी मराठीत नीट लिहून काढा. ज्याला यंत्र कसं चालतं ते आपल्या भाषेत लिहिता येत नाही, त्याचं इंग्रजी तपशीलपत्रही फसवं निघतं.

यंत्र अजून अर्धवट असेल तर तात्पुरतं तपशीलपत्र भरून तारीख धरता येते, मग १२ महिन्यांत पूर्ण तपशीलपत्र द्यायचं. ते न दिल्यास अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. महाराष्ट्रातल्या अर्जदारासाठी मुंबईचं कार्यालय, अर्ज ऑनलाइन भरता येतो. ऑनलाइन अर्जाचं शुल्क व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थेला १,६०० रुपये, इतरांना ८,०००. पानं ३० च्या वर किंवा दावे (ज्यावर हक्क मागता ते नेमकं सांगणारी वाक्यं) १० च्या वर गेले की जादा शुल्क पडतं.

दावे: खरी लढाई इथे

तपशीलपत्राच्या शेवटी दावे असतात, आणि परीक्षक बाकी मजकुराआधी तेच वाचतो असं समजून लिहा. समजा दावा असा लिहिला: ‘स्ट्रँड ओढणारे फीड रोलर, ती कापणारं फिरतं कटर आणि दोन्ही चालवणारा नियंत्रक असलेलं यंत्र.’ हा जगातल्या बहुतेक स्ट्रँड कटरना लागू पडतो, म्हणून तो नवीन ठरणारच नाही. आता हाच पुन्हा लिहू: ‘...वैशिष्ट्य असे की, फीड रोलर आणि स्थिर पातं यांच्यामध्ये स्प्रिंगने रोलरवर दाबलेली मार्गदर्शक पट्टी असून, रोलरच्या झिजेमुळे होणारं तिचं सरकणं मोजून नियंत्रक रोलरचे फेरे त्या प्रमाणात वाढवतो.’ फरक दिसला? दुसऱ्यात फीड आणि काप यांची सांधेजोड दाव्यातच आहे. कलम ३(एफ) ला उत्तर इथूनच मिळतं.

आणि ती सांधेजोड पहिल्या दिवशीच लिहिलेली हवी. कलम ५९ प्रमाणे नंतरच्या दुरुस्तीत मूळ तपशीलपत्रात नसलेली गोष्ट घालता येत नाही, आणि दुरुस्त दावा आधीच्या दाव्यांच्या कक्षेबाहेर जाता कामा नये. आक्षेप आल्यावर ‘अहो, त्या पट्टीचं सांगायचं राहिलं’ म्हणण्याला अर्थ नाही. म्हणून झीज, फट, तिरका काप, आधीच्या आणि नंतरच्या लांबीची मोजमापं, हे सगळं वर्णनात भरपूर लिहा.

परीक्षण मागावं लागतं

अर्ज भरला म्हणजे परीक्षण आपोआप सुरू होत नाही. फॉर्म १८ देऊन ते मागावं लागतं. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी मुदत ३१ महिने, अर्जाची किंवा अग्रक्रमाची (त्याच शोधाच्या आधीच्या अर्जाची धरलेली) यांपैकी जी तारीख आधीची तिच्यापासून. त्याआधीच्या अर्जांना ४८ महिने होते, आणि तोच आकडा अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. मुदत चुकली की अर्ज मागे घेतल्यासारखा धरतात. शुल्क व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थेला ४,००० रुपये, इतरांना २०,०००.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. लवकर हवा असेल तर फॉर्म ९. परीक्षणाची रांग टाळायची असेल तर फॉर्म १८ए, पण तो सगळ्यांसाठी नाही. स्टार्टअप, लघुउद्योग, महिला अर्जदार, सरकारी खाती आणि सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्था अशांना तो मिळतो. अर्जदार सगळे व्यक्ती असतील तर त्यांच्यात एक महिला असली तरी चालतं. एकटा पुरुष शोधकर्ता, ज्याची उद्यम नोंदणीही नाही, तो बहुधा सर्वसाधारण रांगेतच राहतो. त्वरित परीक्षणाचं शुल्क कमी गटाला ८,००० आणि इतरांना ६०,००० रुपये.

पहिला अहवाल आला की

परीक्षक जुनी पेटंटं शोधून पहिला परीक्षण अहवाल पाठवतो. मंडळी त्याला एफईआर म्हणतात. त्यात जुन्या दाखल्यांना डी१, डी२ अशी नावं असतात. यंत्राच्या बाबतीत नेहमीचा साचा असा: डी१ मध्ये रोलर आणि कटर आहे, डी२ मध्ये स्प्रिंगची पट्टी आहे, दोन्ही जोडलं की तुमचा दावा तयार, म्हणून शोधपायरी (जाणत्या माणसाला सहज सुचणार नाही असं पुढचं पाऊल) नाही. शिवाय कलम ३(एफ). शिवाय दावे अस्पष्ट. अहवाल पाहून घाबरायचं कारण नाही, पहिल्याच फटक्यात सगळं मान्य झालेले अर्ज थोडेच असतात.

उत्तराला अहवालाच्या तारखेपासून सहा महिने मिळतात, फॉर्म ४ देऊन आणि शुल्क भरून आणखी तीन. त्यात उत्तर नाही गेलं तर अर्ज सोडून दिला असं मानतात. उत्तरात ‘आमचं यंत्र अत्यंत नावीन्यपूर्ण आहे’ अशी विशेषणं लिहून काही साधत नाही. डी२ मधली पट्टी कशासाठी आहे ते वाचा. ती नुसती धूळ झाडत असेल, तर झिजेचं मोजमाप घेऊन वेग सुधारायला तिचा उपयोग करावा असं डी१ वाल्याला का सुचलं असतं, हे विचारा. कोणता भाग कुठे नाही, आणि तो नसल्याने काय बिघडतं, एवढं वाक्यावाक्याने दाखवा. गरज वाटली तर दावा अरुंद करा. उगाच रुंद दावा धरून बसण्यापेक्षा अरुंद पण टिकणारा दावा कामाला येतो.

तरी आक्षेप उरलेच तर सुनावणी होते, हल्ली व्हिडिओवर. ती संपल्यावर लेखी म्हणणं १५ दिवसांत द्यायचं. पेटंट नियंत्रकाने (कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने) अर्ज फेटाळला तर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. पूर्वीचं अपील मंडळ २०२१ साली बंद झालं. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही विरोध नोंदवू शकतो, आणि मिळाल्याची घोषणा झाल्यावर वर्षभरात संबंधित व्यक्ती.

पेटंट २० वर्षांचं, अर्जाच्या तारखेपासून मोजायचं, नूतनीकरण शुल्क भरत राहिलं तरच. आणि दोन वर्षांनी त्याच यंत्रात ब्लेड झटपट बदलण्याची नवी युक्ती सुचली तर? कलम ५४ प्रमाणे मूळ पेटंटच्या जोडीला पुरवणी पेटंट मागता येतं. त्याला वेगळं नूतनीकरण शुल्क नाही, मूळ पेटंटच्या तुलनेत शोधपायरी नाही एवढ्या कारणावरून ते नाकारत नाहीत, आणि मूळ संपलं की तेही संपतं.