लांब ट्रायथलॉनमध्ये जितकं पाणी प्याल तितकं चांगलं?

३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि ४२.२ किमी धावणं. अशा शर्यतीसाठी ‘तहान नसली तरी पाणी पीत राहा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो धोक्याचा आहे. घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम घटतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी रुतणं, पुढे भ्रमसुद्धा. मिठाचं पेयही अति झालं तर वाचवत नाही.

तुमचा घाम किती जातो, याचा पडताळा घरचाच. मरीन ड्राइव्हवर तासभर धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. ६२चं ६१.२ किलो झालं आणि वाटेत ४०० मिली प्यायलात, तर घाम तासाला सुमारे १.२ लिटर. ही कमाल मर्यादा समजा, प्या तहानेप्रमाणे. वजन वाढलं तर पाणी नक्की जास्त झालं. मुंबईत मे आणि जानेवारीचा आकडा वेगळा येतो, दोन्ही वेळा मोजा.