डोळ्यांची गोळी घेण्याआधी डबी उलटी करा

"डोळ्यांसाठी एखादी चांगली गोळी सांगा," असं कुणी म्हणालं की आधी उलट विचारावं लागतं: डोळे तपासून किती दिवस झाले? हे काही टाळाटाळीचं उत्तर नाही. डोळ्यांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांचं मूळ एकाच आजारावरच्या चाचण्यांत आहे, आणि तो आजार आपल्याला आहे की नाही हे आरशात पाहून कळत नाही.

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी जेमतेम 5 मिलिमीटर रुंदीचा एक पिवळसर भाग असतो. त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही सगळी बारीक कामं याच्याच जिवावर चालतात. वय वाढलं की काहींच्या पडद्याखाली ड्रुझेन नावाचे पिवळट ठिपके साचतात आणि मॅक्युला झिजू लागतो. हाच तो आजार. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर आत पाहतात, तेव्हा हे ठिपके दिसतात.

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने या झिजेवर एक मोठी चाचणी घेतली. 2001 साली तिचे निष्कर्ष आले. रोज 500 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 400 युनिट ई जीवनसत्त्व, 15 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ते रंगद्रव्य), 80 मिलिग्रॅम झिंक आणि 2 मिलिग्रॅम तांबं, असं ते मिश्रण होतं. ज्यांची झीज मध्यम टप्प्यात होती, किंवा एका डोळ्यात शेवटच्या टप्प्याला गेली होती, त्यांच्यात पाच वर्षांत आजार पुढे सरकण्याचं प्रमाण औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 100 मागे 28, तर हे मिश्रण घेणाऱ्यांत 20 निघालं. म्हणजे शंभरातल्या आठ जणांचा फायदा. थोडा वाटेल, पण या आजारात तो मोलाचा आहे. मात्र गेलेली नजर या गोळीने परत आली नाही, मोतीबिंदूही थांबला नाही, आणि झीज नसलेल्या किंवा नुकती सुरू झालेल्या डोळ्यांना फायदा झाल्याचंही दिसलं नाही. चष्म्याचा नंबर कमी होणं तर दूरच. जाहिरातीत नेमका हाच भाग गळतो.

मिश्रणातलं तांबं डोळ्यांसाठी नव्हतंच, ही मला सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते. इतकं झिंक पोटात गेलं की शरीर तांबं नीट शोषत नाही आणि रक्त कमी होऊ शकतं, म्हणून ते घातलेलं. प्रौढांसाठी झिंकची वरची मर्यादा साधारण 40 मिलिग्रॅम धरतात. इथे त्याच्या दुप्पट आहे. "जीवनसत्त्वंच तर आहेत, घेतली तर काय बिघडतं" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

बीटा कॅरोटीनची गोष्ट तर आणखी गंभीर. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, 1994 च्या निष्कर्षांनुसार, बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी 18 टक्क्यांनी जास्त आढळला. पुढे डोळ्यांच्या दुसऱ्या चाचणीत त्याच्या जागी 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि 2 मिलिग्रॅम झिअॅक्झँथिन वापरून पाहिलं. मॅक्युलाचा पिवळेपणा याच रंगद्रव्यांमुळे असतो. 2013 साली हा बदल चालण्याजोगा ठरला. त्याच चाचणीत माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 ने जास्तीचा फायदा दिला नाही. कोरड्या डोळ्यांसाठीही 2018 साली तसंच दिसलं: रोज 3 ग्रॅम ओमेगा-3 घेणारे आणि ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणारे, दोघांनाही जवळजवळ सारखाच आराम पडला.

आता डबी उलटी करा. पुढच्या बाजूला डोळ्याचं मोठं चित्र, कामाचा मजकूर मागे, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात. तिथे "झेंडूच्या फुलांचा अर्क 50 मिलिग्रॅम" असं असेल तर ते ल्युटीन 50 मिलिग्रॅम नव्हे. अर्कात ल्युटीन 20 टक्के असेल तर हाती 10 मिलिग्रॅमच येतं. टक्केवारी छापलीच नसेल तर डबी जागेवर ठेवावी. दिलेले आकडे एका गोळीचे की दोन गोळ्यांचे, हेही पाहावं. धूम्रपान करणाऱ्यांनी आणि पूर्वी करणाऱ्यांनी बीटा कॅरोटीन असलेली डबी घेऊच नये. गरोदरपणात अ जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्यांनी बाळात व्यंग येऊ शकतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ई जीवनसत्त्वाचा डोस डॉक्टरांना दाखवून घ्यावा.

अ जीवनसत्त्वाची खरीच कमतरता असेल तर मात्र गोळी जादूसारखी चालते. अंधारात पाहायला लागणारं रोडॉप्सिन हे डोळ्यातलं रंगद्रव्य त्याच्यापासूनच बनतं, म्हणून रातांधळेपणा काही दिवसांत ओसरू शकतो. पण शरीरात पुरेसं असताना वरून आणखी घातलं तर ते यकृतात साठत जातं, नजर काही वाढत नाही. ल्युटीन हवंच असेल तर पालेभाजी आणि अंड्याचा बलक आहेत. पालेभाजीला थोडं तेल-तूप लावा. ल्युटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागतं.

सरळ रेषा वाकडी दिसू लागली, दाराची चौकट मधेच लचकल्यासारखी वाटली, तर गोळ्यांच्या दुकानात जाऊ नका. एकेक डोळा झाकून पुन्हा पाहा आणि तसंच दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.